पाण्यातला कप्पा

शिरीषकाकांचं नाव कुणी काढलं की माझे कान अजूनही तापतात. माझे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागले, काका आता काठी घेऊन चालतात असं ऐकते, तरी राग उतरलेला नाही. माझी मुलगी म्हणते, हे लिहितेस कशाला, सोडून दे. सोडून देण्याबद्दल मला शाळेत असताना घरात इतकं ऐकवलं गेलं की ते दोन शब्द कानावर पडले तरी माझं डोकं फिरतं. म्हणून लिहिते. रागावून लिहिलेलं वाचायला बरं वाटत नाही, हे मला कळतं. पण तो काळ मला आठवतो तो असाच आठवतो.

आम्ही तेव्हा नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहायचो. बाबा चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत होते, आमच्या रस्त्यावरचे निम्मे बाबा तिथेच होते. सकाळी सायकलींची रांग एका दिशेने जायची आणि संध्याकाळी तीच रांग परत यायची, पाठीवर त्याच काळ्या सॅक. आई मागे घरात राहायची. पुण्यात आई जपानी शिकवायची. नुसती शिकवायची असं नाही, तिच्या वर्गाला लोक पिंपरी-चिंचवडहून कामावरून थेट यायचे आणि मागच्या बाकावर डबा उघडून बसायचे, असं आजीकडून ऐकलं होतं. इथे आली ती बाबांच्या परवान्यावर, नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको म्हणून. फेल्डहोवनमध्ये जपानी शिकवायला कुणी लागत नव्हतं. डच शिका मग बघू, असं तिला सगळे सांगायचे, आणि ती डच शिकतही होती, पण वर्गातून आली की ओट्याशी उभी राहून जपानीत काहीतरी पुटपुटायची. मी विचारलं तर म्हणायची, तोंड धुतेय.

आमच्या घराचा आवाज म्हणजे तिचं धान्य धुणं. स्टीलच्या पातेल्यात मटकी किंवा चवळी घ्यायची आणि पाण्यात हात फिरवत राहायची. खळ्‌खळ्‌, सुर्र, पुन्हा खळ्‌खळ्‌. जपानात डोंगरातल्या ओढ्याकाठी असा आवाज येतो, ती सांगायची. भूत झालेला एक म्हातारा तिथे बसून लाल चवळ्या धूत असतो. आवाजाच्या मागे गेलं की तो नेहमी थोडा पुढे सरकलेला असतो, आणि माणूस ऐकता ऐकता पाय घसरून पाण्यात पडतो. हे सांगताना तिचा हात थांबायचा नाही. मग त्याच चवळीचं गूळ घालून पुरण करायची, मोदकाच्या उकडीत ते भरायची आणि गोल गोळे वळायची. बाबा त्याला जपानी मोदक म्हणायचे आणि चार खायचे. आम्ही तिघं सुखात होतो असं मी म्हणेन. बाबांबद्दल पुढे मी जे लिहिणार आहे ते लिहिताना हे गोळे मला आठवतात आणि जास्तच राग येतो.

मराठी मंडळाचा रविवारचा वर्ग आईकडे आला तो दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. वस्तीतलं सभागृह तासाभरासाठी मिळायचं, तिथे पाच ते दहा वयाची मुलं यायची, म्हणजे आणली जायची. आधीच्या बाई बाराखडी म्हणून घ्यायच्या. मुलं खुर्चीवर उलटी लोंबकळून एकमेकांशी डचमध्ये बोलायची. आईने पहिल्या रविवारी फळ्याकडे पाठ केली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला कप्पा माहितीये का?" एका मुलीने कपाटाकडे बोट दाखवलं. "तो नाही. तो कपाटातला. मी पाण्यातला कप्पा म्हणतेय." मग तिने त्यांना तो सांगितला. मुलाएवढा उंच, अंगाने हिरवा, पाठीवर कासवासारखी ढाल, आणि डोक्यावर एक खोलगट बशी, त्यात पाणी. ते पाणी आहे तोवर त्याच्या अंगात बळ. काठावर एकटं आलेलं मूल त्याला आवडतं, तो त्याला आत ओढतो. पण तो फार शिष्टाचारी. तुम्ही वाकून नमस्कार केला की त्यालाही वाकावंच लागतं, आणि वाकला की बशी रिकामी. आणि त्याला काकडी इतकी आवडते, की जपानात लोक त्याच्यासाठी पाण्यात काकड्या सोडतात.

महिन्याभरात ती मुलं मराठी बोलायला लागली. आईचा नियम एवढाच होता की गोष्टीतल्या या मंडळींना डच कळत नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. तेंगूशी, म्हणजे त्या लांब नाकाच्या लाल तोंडाच्या डोंगरातल्या गृहस्थाशी, भांडायचं असेल तर मराठीत भांडा. आमच्याकडे समोरून वारा आला की सायकल जागची हलत नाही. मुलं म्हणायची, भिंत उभी राहिली. आईच्या गोष्टीतली ती जपानी भिंत, जी दिसत नाही आणि वाटसरूला अडवते. तिच्या पायाशी काठी टोचली की ती बाजूला होते. सायकलच्या रस्त्यावर पाच-सहा मुलं उतरून वाऱ्याच्या पायाशी काठ्या टोचतायत आणि मागून येणारे डच आजोबा थांबून बघतायत, हे मी पाहिलं आहे. कुणी म्हणायचं, "कप्प्याला सांग ना." आई खूश होऊन बाबांना सांगायची, "बघ, प्रत्यय लावतायत. शब्द मराठी झाला."

आणि कप्पा तिने उगाच निवडला नव्हता. आमच्याकडे घरांच्या मागून पाण्याचे चर जातात. डच लोक त्याला स्लोट म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्यावर बारीक हिरवं शेवाळ इतकं दाट येतं की लांबून ते पाणी आहे हे कळतच नाही, कापलेलं गवत वाटतं. डच मुलं चालायला लागली की पोहायला लागतात. आपली मुलं वाकड-बाणेरच्या सोसायटीतून आलेल्या घरांतली. आईला स्वतःला पोहता येत नव्हतं आणि तिला त्या हिरव्या पाण्याची भीती वाटायची. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती मुलांना विचारायची, "काठाशी कसं जायचं?" आणि मुलं ओरडायची, "मोठ्यांचा हात धरून." मी मागे बसून वाट्यांत पोहे भरत असायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एकदा नाही, दर रविवारी.

शिरीषकाका मंडळाचे अध्यक्ष होते आणि ऑफिसात बाबांचे वरिष्ठ. बाबांचं काम त्या वर्षी कायम व्हायचं होतं आणि त्यात काकांचा शब्द लागणार होता. त्यामुळे आमच्या घरात काकांचं नाव जरा खालच्या आवाजात घेतलं जायचं. त्यांची बायको वैशालीकाकू आईची त्यातल्या त्यात मैत्रीण होती, आणि त्यांची पाच वर्षांची अन्वी आईच्या वर्गातली सगळ्यांत चिकट मुलगी. आईच्या मांडीला टेकूनच बसायची. त्या उन्हाळ्यात काकांनी नवं घर घेतलं. मागे मोठी बाग, बागेच्या टोकाला स्लोट. आधीच्या मालकांनी पाण्याच्या कडेने गुडघाभर उंचीचं जाळीचं कुंपण घातलं होतं. काकांनी ते उपटून गॅरेजमध्ये टाकलं. बाग मोकळी दिसत नव्हती, फोटोत जाळी येत होती.

वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं मदतीला गेलो होतो. आई आतल्या खोलीत खोकी रिकामी करत होती, बाबा वर पडदे लावत होते. शेजारच्या योकेबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील, पायात रबरी बूट. केक वैशालीकाकूंनी घेतला. काकांना डच येत नव्हतं, म्हणून मला हाक मारली. योकेबाई मला म्हणाल्या, यांना सांग, ते कुंपण परत लावा. घरात लहान मूल आहे. शेवाळ गवतासारखं दिसतं, मुलं त्याच्यावर पाय ठेवतात. मी शब्दन्‌शब्द सांगितलं. काका हसले. "तिला म्हणावं, फंक्शन झालं की लावतो. या लोकांना प्रत्येक गोष्टीची भीती असते." मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं नाही सांगितलं. योकेबाई काकांकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आजच, असं सांग." मी तेही सांगितलं. काकांनी अंगठा वर केला. काकू केक हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या.

वास्तुशांतीला सगळं फेल्डहोवन लोटलं होतं. भटजी द हेगहून आले होते. होमाच्या धुराने आग लागल्याची घंटा वाजू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. मसालेभाताचं मोठं पातेलं, मठ्ठा, तळलेल्या मिरच्या, जिलब्या कुणीतरी बेल्जियमहून आणलेल्या. आई स्वयंपाकघरात कोशिंबिरीच्या काकड्या चोचवत होती. अन्वी पिवळ्या परकर-पोलक्यात आली आणि तिने एक काकडी मागितली. आईने सोलून देऊ का विचारलं, ती नको म्हणाली. मुलं काकडी खातात. यात काय संशय घ्यायचा? काका पाहुण्यांना घर दाखवत वर होते. काकू ओटी भरत होत्या. बागेत मोठं माणूस एकही नव्हतं. सगळे जेवणाच्या रांगेत आत होते.

ओट्यासमोरच्या खिडकीतून बाग दिसायची. मी आईच्या शेजारी दाण्याचं कूट पसरून ठेवत होते. आईने वर पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी सिंकमध्ये पडली.  बागेच्या दारातून ती धावत गेली, साडी एका हाताने धरून. मी मागे. तेव्हा मला दिसलं, त्या सलग हिरव्या पट्ट्यात एक काळं भोक पडलं होतं आणि ते हळूहळू मिटत होतं. आईने त्या भोकात उडी मारली. पोहता न येणाऱ्या बाईने. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं आणि खालचा गाळ तिला आत घेत होता, ती वाकून दोन्ही हातांनी खाली चाचपडत होती, तिचा चेहरा शेवाळात जात होता, परत वर येत होता. मी काठावर पालथी पडून तिचा पदर धरला. मग तिने पिवळं काहीतरी वर ओढलं.

योकेबाई त्यांच्या बाजूने आल्या, त्यांनी अन्वीला उताणं टाकून तोंडातून श्वास दिला, छाती दाबली. अन्वी ओकली आणि रडली. ते रडणं ऐकून आई काठावर बसली ती बसलीच. तोपर्यंत सगळे बागेत आले होते. अँब्युलन्स आली, अन्वीला आणि काकूंना घेऊन गेली. निघण्यापूर्वी चादरीत गुंडाळलेल्या अन्वीला काकांनी विचारलं, "तू तिथे गेलीसच कशाला?" अन्वी म्हणाली, "कप्प्याला काकडी द्यायला."

मी त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे पाहिले. आई अजून चिखलात बसलेली, डोक्यावर शेवाळ, एका पायातली चप्पल गेलेली. तिच्याभोवतीची माणसं एक एक पाऊल मागे सरकली. कुणी टॉवेल दिला नाही. टॉवेल योकेबाईंनी दिला, घरी नेऊन स्वतःचे कपडेही दिले. आमची आई वास्तुशांतीहून घरी आली ती एका डच म्हातारीची पँट आणि जाड स्वेटर घालून, आणि रस्ताभर एवढंच म्हणत होती, "मीच सांगितली ना गोष्ट. मीच सांगितली."

अन्वी दुसऱ्या दिवशी घरी आली, ठणठणीत. त्याच दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालं. मुलांना भुताखेतांच्या गोष्टी कशाला. आपल्या संस्कृतीत काय कमी आहे. जपानी राक्षस शिकवायला आपण मुलं पाठवतो का. आमचा मुलगा रात्री एकटा बाथरूमला जात नाही. पालकांनी विचारलं पाहिजे. शिरीषकाकांनी लिहिलं की देवाच्या कृपेने मुलगी वाचली, आता कुणावर दोषारोप नको, पण रविवारी सगळ्यांनी बसून बोलू. देवाच्या कृपेने. त्यात आईचं नाव नव्हतं. मी तो मजकूर आईच्या फोनवर वाचला आणि फोन भिंतीवर मारावा असं वाटलं.

शनिवारी जेवताना बाबा आईला म्हणाले, "मेधा, तू उद्या दोन वाक्यांत माफी माग आणि विषय संपव."

"कशाची?" मी विचारलं.

"ऋजू, तू जेव."

"कशाची माफी, बाबा? तिने अन्वीला बाहेर काढलं."

"ते सगळ्यांना माहिती आहे. पण काकडी कुठून आली तेही सगळ्यांना माहिती आहे. शिरीष भला माणूस आहे म्हणून एवढ्यावर भागतंय."

मी त्यांना कुंपणाचं सांगितलं. योकेबाई काय म्हणाल्या, काका काय म्हणाले. बाबांनी आमटी भातावर घेतली, कालवली, आणि म्हणाले, "हे तू बाहेर कुठे बोलू नकोस." त्यांनी खोटं आहे असं म्हटलं नाही. तेवढ्याने मला कळलं की गॅरेजमध्ये पडलेलं ते कुंपण त्यांनीही पाहिलं होतं. आई आमच्या दोघांच्या मध्ये बसून ताटात बघत होती. मी त्यांच्यावर ओरडले, तुम्ही घाबरट आहात असं म्हणाले. आईने मला गप्प केलं. ती म्हणाली, "मागते मी माफी. मला तसंही झोप येत नाहीये." तेव्हा मला आईचाही राग आला, बाबांपेक्षा जास्त.

रविवारी त्याच सभागृहात, जिथे मुलं जमिनीवर बसायची तिथे, खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मला चहाचं काम देऊन मागच्या लहान स्वयंपाकघरात बसवलं होतं, पण मधलं दार उघडंच होतं. काका म्हणाले, "लुक, मेधा, नथिंग पर्सनल. तुझा हेतू चांगला होता, आय नो. पण मुलांची मनं कोवळी असतात. आपण जबाबदारीने वागायला हवं." कुणीतरी म्हणालं, हो ना. एक काकू म्हणाल्या की त्या आधीपासूनच म्हणत होत्या. त्या आधीपासून काहीही म्हणत नव्हत्या. त्यांची दोन्ही मुलं वर्गातून निघायला तयार नसायची आणि त्या फोनवर बोलत बाहेर थांबायच्या, कारण तेवढाच त्यांना निवांतपणा.

आई उभी राहिली. तिने फोनवर वाक्यं लिहून आणली होती. "अन्वीच्या बाबतीत जे झालं, त्याला मी सांगितलेली गोष्ट..."

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले होते. तो मी टेबलावर ठेवला. माझा आवाज मोठा नव्हता. मी म्हणाले, "शिरीषकाका, योकेबाईंनी कुंपण लावायला सांगितलं होतं. ते तुम्हाला मीच सांगितलं. आजच लावा म्हणाल्या होत्या."

 मग काका हसले, तसंच, बागेत हसले होते तसं. "बेटा, तुला डच नीट कळलं नसेल. ती गार्डनबद्दल बोलत होती."

"मी इथल्या शाळेत जाते, काका. मला डच कळतं. शेवाळ गवतासारखं दिसतं, मुलं त्याच्यावर पाय ठेवतात, असं म्हणाल्या त्या. तुम्ही म्हणालात फंक्शन झालं की लावतो. कुंपण तुमच्या गॅरेजमध्ये आहे."

"ऋजू, बस," बाबा म्हणाले.

"वैशालीकाकू, तुम्ही तिथेच होतात. केक तुम्ही घेतला. सांगा ना."

वैशालीकाकू मांडीवरच्या पर्सची चेन बघत होत्या. त्यांनी ती थोडी उघडली, परत लावली. मी वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली, असं मला आज वाटतं. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला तेव्हा कळलं होतं की मी खरं बोलतेय, आणि एकही तोंड उघडलं नाही. निम्मे जण काकांच्या हाताखाली होते. शिकलेली, मोठ्या पगाराची, सायकलवर हेल्मेट नाही म्हणून डच लोकांना हसणारी माणसं. मला त्यांची एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून पुन्हा चीड आली.

आई अजून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. बराच वेळ काकूंकडे. कुंपणाचं तिला शनिवारी कळलं होतं, काकू तिथे होत्या हे मात्र मी सांगितलं नव्हतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "मी माफी मागणार होते. खरंच मागणार होते, कारण गोष्ट मीच सांगितली. पण आता नाही मागणार." तिने पर्समधली वर्गाची चावी काढून काकांच्या समोर ठेवली, आणि माझ्या खांद्याला हात लावला. आम्ही निघालो.

बाबा मागून आले ते पार्किंगमध्ये. तिथे, सायकली लावायच्या जागी, माझ्यासमोर त्यांचं भांडण झालं. मी त्यांना इतकं भांडताना आधी पाहिलं नव्हतं. बाबा म्हणत होते, तुला कळतंय का माझी काय परिस्थिती आहे, आपण कशाच्या जोरावर इथे आहोत. आई सायकलचं कुलूप उघडत होती आणि ते उघडत नव्हतं. ती सरळ झाली आणि म्हणाली, "सुहास, मी तुझ्या परवान्यावर इथे आले. माझ्या तोंडाचा परवाना तुझ्याकडे नाही." मग तिने माझ्या सायकलच्या मागच्या बाजूला बसून घेतलं, तिची तिथेच टाकून. मी तिला घरी नेलं. ती सायकल दुसऱ्या दिवशी बाबांनी आणली, कुलूप कापून.

बाबांचं काम कायम झालं. काकांनी आड येण्यासारखं काही केलं नाही, किंवा ते त्यांच्या हातात नव्हतंच. म्हणजे आमच्या घरात जी भीती जेवायला बसायची तिला काही अर्थच नव्हता. खूप वर्षांनी बाबा मला एकदा म्हणाले, "तू बरोबर होतीस, पण..." मी त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी रडले, भरपूर रडले. ते 'पण' मात्र मी त्यांना माफ केलेलं नाही. माफ करायला हवं का, हे मला कळत नाही.

मंडळाचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे गेला आणि महिन्याभरात बंद पडला. आईने पुढच्याच रविवारी आमची बैठकीची खोली मोकळी केली. सोफा भिंतीला लावला, सतरंजी घातली. मी विचारलं, कोण येणारे? ती म्हणाली, कुणी नाही आलं तर तुलाच गोष्ट सांगेन. दोन भावंडं आली, ज्यांचे आईवडील सभागृहातल्या त्या बैठकीत नव्हते. पोहे झाले, तेंगूची गोष्ट सुरू झाली, आणि बेल वाजली.

दारात वैशालीकाकू होत्या, अन्वीचा हात धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईला म्हणाल्या, "ही रात्री झोपत नाही. मेधाकाकूकडे जायचं म्हणते. मी यांना सांगितलं नाहीये."

आई खाली बसली, तिने अन्वीच्या बुटांचे बंद सोडले. अन्वी तिच्या गळ्यात पडली आणि मग सरळ आत पळाली, जणू कालच येऊन गेली होती. काकूंनी आपली चप्पल काढायला पाय उचलला. आई उभी राहिली, दारात, पूर्ण दार अडवून.

"ती येऊ दे," आई म्हणाली. "तू बाहेर थांब."

"मेधा, मी त्या दिवशी... कुंपणाचं मीही ऐकलं होतं. मला बोलायचं होतं."

"मला माहितीये. मला नको सांगूस. तिथे सांग, सगळ्यांसमोर. मग आत ये, मी चहा टाकते."

तिने दार लावलं. जोरात नाही. साधं, रोज लावतो तसं.

काकूंनी ते तिथे कधीच सांगितलं नाही. आणि अन्वीला आणायचंही कधी चुकवलं नाही. ती प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत जाईपर्यंत दर रविवारी त्या तिला घेऊन यायच्या आणि तासभर आमच्या खिडकीसमोर, सायकलीजवळ उभ्या राहायच्या. हुडी डोक्यावर ओढून, थंडीत पाय आपटत. इथल्या घरांच्या खिडक्या मोठ्या, पडदे उघडे. त्यांना आतलं सगळं दिसायचं आणि आम्हाला त्या. शेजारचे लोक विचारायचे की त्या बाईंना आत का घेत नाही. आई म्हणायची, दार त्यांच्यासाठी उघडं आहे, त्यांना माहीत आहे कसं यायचं.

एका रविवारी गारा पडल्या. मोठ्या, खिडकीच्या काचेवर आपटणाऱ्या. काकूंनी पिशवी डोक्यावर धरली होती. आमच्या छपराखाली येऊन उभं राहायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मुलं खिडकीकडे बघायला लागली. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ही उठेल, आणि ती उठू नये असंही वाटलं. आईने एकदा बाहेर पाहिलं.

"लक्ष इकडे द्या," ती म्हणाली, आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सांगू लागली.